पुढच्या महिन्यात बघू

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका गावात लसीकरणाचा दिवस अंगणवाडीच्या ओसरीवर भरतो. सकाळी दहाच्या सुमारास आरोग्य केंद्राकडून लशींचा निळा डबा येतो. तोवर सेविकेने सतरंजी अंथरलेली असते आणि आशाताई वहीतली नावं बघून फोन करत सुटलेल्या असतात. ‘आलीस का गं? सिस्टर आल्यात.’ पहिल्या फोनला ‘आलेच’, दुसऱ्याला ‘बाळ झोपलंय’, तिसऱ्याला कुणी उचलतच नाही.

सिस्टर डब्यातून कुपी काढून आधी लेबल बघतात. लेबलवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो, आणि वर्तुळाच्या रंगाला येऊन पोचला की कुपी बाद. गोवर-रुबेलाची कुपी असेल तर त्यावर उघडल्याची वेळ लिहायची, कारण पूड पातळ केल्यावर ती फार तर चार तास वापरता येते. सिरिंज अशी की एकदा दट्ट्या दाबला की पुन्हा ओढताच येत नाही.

दीड महिन्याच्या मुलीला घेऊन सून आणि सासू आल्या होत्या. आधी पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब. मग उजव्या दंडात पोलिओची बारीक सुई, उजव्या मांडीत न्यूमोनियाची लस, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट. ही एकच लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब गटाची कावीळ आणि हिब जंतू या पाचांवर चालते. सासूबाईंचा जीव वरखाली होत होता. ‘एका टायमाला तीन सुया? लेकराचा जीव केवढा!’

‘आज्जी, तीन बारीला रडवण्यापरीस एकदाच रडू दे की,’ सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी ठरलेल्या चार गोष्टी सांगितल्या: आज कुठली लस दिली आणि ती कशासाठी, ताप आला किंवा मांडीला गाठ आली तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवायचं. ‘चोळायचं न्हाई, शेकायचं न्हाई. आणि अर्धा तास हितंच बसतासा न्हवं?’ सासूबाई बसल्या, पण नजर घड्याळाकडे होती. म्हशीची वेळ झाली होती.

या अंकासाठी संपादकांनी प्रश्न दिला होता: मुलांच्या लशीबद्दल आईवडील निर्णय कसा घेतात, बालवाडीच्या प्रवेशाला लशीची अट असावी का, आणि असली तर तिच्यातून सूट कुणाला द्यावी? अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात या प्रश्नावरून सरकारं आणि पालक भांडत आलेत. कोल्हापुरात मात्र ‘आम्हाला लस नको’ असं तोंडावर म्हणणारं घर शोधावं लागतं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारी घरं प्रत्येक गल्लीत आहेत.

नकार वहीत कसा दिसतो

आशाताईंच्या वहीत ‘नकार’ असा शेरा क्वचितच असतो. असतं ते असं: ‘माहेरी गेली’, ‘बाळ आजारी’, ‘घरी कोणी नाही’, ‘पुढील वेळी’. या चार शेऱ्यांच्या पोटात बरंच काही असतं.

माहेरचंच घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्मतःची बीसीजी, कावीळ आणि पोलिओ तिथल्या दवाखान्यात, दीड महिन्याचा डोस तिथल्या उपकेंद्रात. अडीच महिन्यांच्या सुमारास बाळंतीण सासरी येते. माहेरच्या वहीत ती ‘गेली’ असते आणि सासरच्या वहीत अजून आलेली नसते. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस नेमके या दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडतात. माहेर निपाणी-चिकोडीकडचं असेल तर कार्डही कर्नाटकचं, ‘तायी कार्ड’, सगळी अक्षरं कन्नड. अशा वेळी तारखा लावत बसायचं काम आशाताईंचंच.

दुसरं कारण ताप. पेंटाव्हॅलंटनंतर बऱ्याच बाळांना एक-दोन दिवस ताप येतो. रात्रभर बाळ किरकिरतं, आई जागते, सकाळी सासूचं बोलणं खाते: ‘चांगलं खेळतं पोरगं न्हेलंस आणि आजारी करून आणलंस.’ पुढच्या डोसाला ती आई आपणहून येत नाही. इथे कुणी लशीच्या विरोधात नाही. एक रात्र नकोशी झाली आहे, एवढंच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नवरा रात्रपाळीला असेल तर ती रात्र आणखी लांबते.

तिसरं कारण मोबाईल. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना, बहुतेकांना शाळेतच, लस द्यायची होती. ‘लस घेतली की पुढे मूल होत नाही’ असले निरोप तेव्हा ग्रुपवर फिरले आणि त्या दिवशी पोर घरी ठेवणारे पालक शहरातही निघाले, खेड्यातही. अफवेला खऱ्या चुकांचंही खत मिळतं. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी इथे बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, पण ती बातमी पुसली जात नाही. अशा बातमीवर ‘घाबरू नका’ हे उत्तर पुरत नाही. कुपी पालकांच्या डोळ्यांसमोर धरून दाखवावी लागते.

आशाताईंना एका मुलाच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लशी पूर्ण झाल्या की शंभर रुपये मिळतात, दुसऱ्या वर्षाच्या झाल्या की पंच्याहत्तर. त्या पैशात किती फोन, किती खेपा आणि किती सासवांची समजूत बसते, याचा हिशेब कुठल्याही कागदावर नाही.

दवाखान्यातला दुसरा हिशेब

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात प्रश्न वेगळा असतो. बालरोगतज्ज्ञांच्या भिंतीवर वेळापत्रकाचा तक्ता, त्यावर सरकारी यादीत नसलेल्या लशी: कांजिण्या, अ गटाची कावीळ, टायफॉइड, फ्लू, आणि गालगुंडासकट एमएमआर. समोर बसलेले आईवडील शिकलेले, नोकरदार. ‘द्यायची का’ हा त्यांचा प्रश्नच नसतो. ‘यातल्या कुठल्या खरंच लागतात आणि पेनलेस आहे का’ हा असतो.

‘पेनलेस’ हा इथला परवलीचा शब्द. सुई तीच, टोचतेही तशीच. फरक डांग्या खोकल्याच्या भागात आहे. सरकारी लशीत मारलेला संपूर्ण जंतू असतो, त्यामुळे ताप आणि सूज जास्त. महागड्या लशीत त्याची निवडक प्रथिनं तेवढी घेतलेली असतात, म्हणून ताप कमी; पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे जास्त पैसे मोजून पालक शांत रात्र विकत घेतो, जास्त ताकदीची लस नव्हे. हे पाच मिनिटांत सांगता येतं. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना ती पाच मिनिटं काढणं अवघड.

उलटा गैरसमजही आहे: ‘फुकटची लस हलकी’. रोटाव्हायरसची लस २०१९ मध्ये आणि न्यूमोनियाची २०२१ मध्ये राज्याच्या सरकारी कार्यक्रमात आली. त्याआधी न्यूमोनियाच्या लशीच्या एकेका डोसाला खासगीत हजारांत पैसे जात. सरकारी लशींतल्या कितीतरी कुपी महामार्गाने इथून चार-पाच तासांवर असलेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून येतात, आणि हीच कंपनी खासगी दवाखान्यांनाही माल पुरवते.

‘ऑटिझम होतो का हो?’ हा प्रश्नही इथे पोचला आहे. त्याचं मूळ १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या लेखात. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि वेकफिल्ड यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध आढळला नाही. तरी दीड वर्षाच्या मुलाचं बोलणं लांबलं की आईच्या मनात शंका येतेच, कारण त्याच वयात गोवराचा दुसरा डोस असतो. तिला हसण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या की माणूस त्यांची गाठ मारतो.

बालवाडीच्या टेबलावर

शहरातल्या खासगी बालवाडीच्या अर्जाला जन्मदाखला, आधार, फोटो यांच्यासोबत बहुधा लसीकरण कार्डाची झेरॉक्स जोडायला सांगतात. ती नसेल तर? ‘नंतर आणून द्या.’ मग तो कागद राहून जातो. आलीच झेरॉक्स तर ती फाइलला लागते. कुठला रकाना रिकामा आहे हे बघणारं शाळेत कुणी नसतं.

कायदा काय म्हणतो? शाळाप्रवेशासाठी लस सक्तीची करणारा देशव्यापी कायदा भारतात नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षणहक्क कायदा आहे, आणि त्याचा रोख उलटा आहे: वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला नाकारू नका. अंगणवाडी तर लस चुकलेल्या मुलाला शोधून आणण्यासाठीच आहे. खासगी बालवाडीची अट ही त्या शाळेची स्वतःची. म्हणून अमेरिकेतल्यासारखा सुटीचा अर्ज इथे नाही. सक्तीच नाही, तर सूट कशातून मागणार?

न्यायालयांनीही तोल असाच राखला आहे. गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी पालकांच्या संमतीशिवाय सरसकट लस देता येणार नाही, त्यांना फायदे आणि धोके सांगावे लागतील, असं दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीच्या प्रकरणात म्हटलं की कुणावर लस लादता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी, प्रमाणात बसणारे निर्बंध घालू शकतं.

सरकारने इथे दट्ट्याऐवजी आमिषाची वाट धरली आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या पाच हजारांतला शेवटचा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या साडेतीन महिन्यांच्या लशी झाल्यावरच हातात पडतो. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून लस न घेणाऱ्या मुलांच्या पालकांचे सरकारी भत्ते रोखले, तो याच कल्पनेचा कडक अवतार.

प्रवेशाच्या अटीत आणखी एक मोठी अडचण आहे, ती वयाची. मूल बालवाडीत येतं तिसऱ्या वर्षी. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे शाळा कार्ड मागते तेव्हा धोक्याची वर्षं बरीचशी उलटून गेलेली असतात. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला आणि मुलं दगावली, तेव्हा कोविडकाळात चुकलेले डोस पुढे आले. त्यातली कितीतरी मुलं बालवाडीच्या वयाचीही नव्हती. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजारी पाडू शकतो. त्याला थोपवायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पूर्ण लसीकरण झालेली मुलं देशात सुमारे ७६ टक्के निघाली, महाराष्ट्रात त्याहून थोडी कमी.

सक्तीची जुनी ओळख

सक्ती आपल्याला नवी नाही. १८७७ मध्ये मुंबई शहरात देवीच्या लशीची सक्ती करणारा कायदा झाला होता. इंग्लंडमध्ये ती १८५३ पासून होती. तिथे पालकांनी दंड भरले, मोर्चे काढले, आणि अखेर १८९८ मध्ये सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट देणारं कलम आलं. आज जगभर सुटीचे जे अर्ज भरले जातात त्यांचा पूर्वज तो. आपल्याकडे सक्तीची आठवण आहे ती पुण्याच्या प्लेगची. १८९७ मध्ये घराघरात शिरून तपासण्या झाल्या, आणि त्या संतापातून २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी चालली. आरोग्याचं काम शिपायाच्या हाती दिलं की लोक रोगापेक्षा शिपायाला जास्त घाबरतात, हा धडा तेव्हाचा.

कोल्हापूरकडे मात्र सक्तीचा एक चांगला नमुनाही आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. दंडाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच्या जोडीने गावोगाव शाळा काढण्याचा खटाटोप झाला, हे कमी सांगितलं जातं. ‘शाळाच नाही’ ही सबब आधी काढून घ्यायची आणि मग सक्ती करायची, असा तो क्रम. लशीलाही हाच क्रम लागू आहे.

अमेरिकेतल्या नातवाचं कार्ड

सुटीच्या नियमांशी कोल्हापूरकरांची खरी गाठ पडते ती परदेशात. मुलगा-सून नोकरीसाठी अमेरिकेला गेले, नातू किंडरगार्टनला घालायचा, आणि शाळेने प्रत्येक डोसाची तारीख मागितली. मग इकडे आजी कपाटातली फाइल धुंडाळते आणि कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर धाडते. तिकडचे डॉक्टर म्हणतात, पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस आम्ही धरत नाही, शिवाय यात गालगुंड नाही, पुन्हा घ्या. आजीला तो अपमान वाटतो. खरं तर दोन्ही देशांचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे गोवर लहान वयात गाठतो, म्हणून नवव्या महिन्यातच डोस. तिकडे तो क्वचित, म्हणून बाराव्या महिन्यानंतर, जेव्हा लस जास्त चांगली लागू पडते.

तिथे राज्याराज्यांत नियम वेगळे. वैद्यकीय कारणावरून सूट सगळीकडे. धर्माच्या किंवा मताच्या कारणावरून बहुतेक ठिकाणी. २०१४ च्या अखेरीस डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि कॅलिफोर्नियाने मताची सूट २०१५ च्या कायद्याने बंद केली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक सूट काढली. तरी २०२४-२५ मध्ये अमेरिकेतल्या किंडरगार्टनच्या ३.६ टक्के मुलांना कुठली ना कुठली सूट होती. आकडा किरकोळ वाटतो. पण सूट घेणारी कुटुंबं एकाच गावात, एकाच शाळेत गोळा होतात. २०२५ च्या सुरुवातीला टेक्सासच्या गेन्स काउंटीत तेच झालं. त्या साथीत लस न घेतलेली दोन मुलं गेली.

वैद्यकीय सूट मात्र खरी असते आणि ती इथेही हवी. आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी आली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार असेल, तर काही लशी देता येत नाहीत. हे डॉक्टरने ठरवायचं. साधी सर्दी, थोडे जुलाब, दात येणं ही कारणं त्यात बसत नाहीत. ओसरीवरून परत जाणारी बरीच बाळं मात्र याच कारणांनी परततात.

फडावरची मुलं

हा अंक हातात पडेल तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटत आलेली असतील आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कागल, शिरोळ, हातकणंगल्याच्या रानात उतरत असतील. त्यांच्या कोप्यांत नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाची मुलं असतात, आणि त्यांचं कार्ड गावाकडच्या पेटीत असतं. पहाटे आईबाप फडात, मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर. दहा वाजता अंगणवाडीत या, असं यांना सांगण्यात काही अर्थ नाही. आरोग्यसेविकेला डबा घेऊन संध्याकाळी तळावर जावं लागतं. कार्ड नसेल तर आईला विचारत, बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघत अंदाज घ्यावा लागतो. आता यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबरने नोंद सापडू शकते, पण हंगामात नंबर बदललेला असला की तीही हरवते.

या मुलांना सूट कुणी दिलेली नाही, त्यांच्या आईबापांनी मागितलेलीही नाही. तरी जिल्ह्यात लशीतून सुटण्याचा सगळ्यात मोठा धोका यांनाच. बालवाडीच्या दारातली कुठलीही अट त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण ती त्या दारापर्यंत येतच नाहीत.

मग नियम हवा की नको?

कार्ड मागावं, पण मुलाला परत पाठवू नये, असं माझं मत. लस नाही म्हणून बालवाडीतून हाकललेलं मूल लसही घेत नाही आणि शाळेलाही मुकतं. कार्ड बघणारं माणूस हवं, आणि रिकामा रकाना दिसला की त्याच आठवड्यात आशाताईंना किंवा जवळच्या केंद्राला कळवायची सवय हवी. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे चालू होतो. गोवर-रुबेलाचा चुकलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. हे माहीत नसल्याने ‘आता उशीर झाला, ओरडतील’ म्हणून कितीतरी आया केंद्राकडे फिरकतच नाहीत. ओरडण्याने डोस पूर्ण होत नाहीत, हे केंद्रातल्या माणसांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

बालवाडीने कार्ड बघण्याला आणखी एक ठोस कारण आहे. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत द्यायचा असतो. दीड-दोन वर्षांनंतर आई कार्ड मिटून ठेवते. सगळं झालं असंच तिला वाटतं. हा बूस्टर येतो तेव्हा मूल मोठ्या गटात किंवा नुकतंच पहिलीत गेलेलं असतं. त्याची आठवण करून द्यायला शाळेइतकी योग्य जागा नाही, आणि त्यासाठी कायदा लागत नाही. जानेवारीत प्रवेशाचे अर्ज निघतील. बालवाडी चालवणाऱ्यांनी कार्डाची झेरॉक्स फाइलला लावण्याआधी पाच वर्षांच्या रकान्यावर एकदा बोट ठेवावं. आणि बापांनी पुढच्या डोसाला एक खाडा करून स्वतः सोबत जावं. तापाची ती रात्र दोघांनी वाटून घेतली, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायची वेळ पुष्कळ घरांत येणारच नाही.